बंद केलेलं व्हायोलिन

१

सकाळी साडेआठला कार्यशाळेचं दार उघडायचं, सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं, खिडकीतल्या तारेवर टांगलेल्या वाद्यांवरून एकवार नजर फिरवायची आणि मग एप्रन बांधून बाकाशी बसायचं, हा ओर्नेल्ला गिसोल्फीचा एकतीस वर्षांचा नेम. त्यातली पहिली वीस वर्षं ती मास्तरांच्या हाताखाली होती. पुढची अकरा एकटी. मास्तर गेल्यावर तिनं खोलीत फारसं काही बदललं नाही. फक्त आपला बाक भिंतीपासून काढून खिडकीशी आणला, आणि एक रेडिओ घेतला. मास्तरांना कामाच्या वेळी गाणं चालत नसे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी लुदोविका अर्रीघी पार्माहून आली. नदीवरचं धुकं त्या दिवशी क्रेमोनात इतकं खाली उतरलं होतं, की ती दारात उभी राहीपर्यंत कुणी येतंय हे ओर्नेल्लाला काचेतून दिसलंही नाही. लुदोविका पार्माच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवते. ओव्हरकोट न काढताच तिनं व्हायोलिनची पेटी बाकावर ठेवली.

"खरखरतंय," ती म्हणाली. "खालच्या तारेवर. आत कुणी कागद चुरगाळतंय असं वाटतं."

"थंडीनं कुठंतरी सांधा सुटला असेल. बघते."

"आवाज मात्र..." लुदोविका जरा थांबली. "हसू नका हं. दरवर्षी सुधारतोच आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत तर फारच. शेजारी बसणारी मला विचारते, नवीन वाद्य घेतलंस आणि सांगितलं नाहीस का म्हणून."

"वाजवून वाजवून लाकूड मोकळं होतं."

"मीही सगळ्यांना तेच सांगते."

ते कुणाचं काम आहे हे पेटी उघडायच्या आधीच ओर्नेल्लाला माहीत होतं. मास्तर एवारिस्तो माल्कोत्तींच्या हातचं ते शेवटचं वाद्य. तिनं ते कानाशी धरून हलकेच हलवलं. आत काहीतरी सरकलं. मग ते पालथं करून तिनं पाठीवर दोन टिचक्या मारल्या, तसं पुढच्या फळीतल्या एफच्या आकाराच्या फटीतून काहीतरी निसटलं आणि बाकावर पडलं.

लाकडाची ढलपी होती. नखाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, स्वतःभोवती गुंडाळलेली.

"बाकावरचीच असेल," लुदोविका म्हणाली.

"असेल."

पण बाक सकाळीच पुसलेला होता, आणि त्यानंतर ओर्नेल्लानं एकही हत्यार हातात घेतलेलं नव्हतं. लुदोविकाची पाठ वळल्यावर तिनं ढलपी उचलून नाकाशी नेली. जुनी ढलपी मधासारखी पिवळी पडते आणि तिचा वास उडून जातो. ही पांढरी होती, आणि तिला राळेचा ताजा वास येत होता.

२

तिनं तारा उतरवल्या, तारांखालची घोडी काढली, खुंट्या काढल्या आणि नुसतं व्हायोलिन तराजूवर ठेवलं.

मास्तर प्रत्येक वाद्याचं लाकूड, जाडी आणि वजन एका वहीत लिहून ठेवत. सगळी पानं त्यांच्या डावखुऱ्या, मागे झुकलेल्या अक्षरात. या एका वाद्याचं पान तेवढं ओर्नेल्लाच्या अक्षरात होतं. तिथं चारशे आठ ग्रॅम लिहिलेलं होतं. तराजू तीनशे शहाण्णव दाखवत होता.

अकरा वाजता फुल्वियो आला. त्याची कार्यशाळा अंगणापलीकडे. गेली पंचवीस वर्षं तो याच वेळी ओर्नेल्लाला कॉफीला बोलवायला येतो आणि तिथंच गप्पा मारत बसतो, त्यामुळे कॉफी क्वचितच होते.

"बारा ग्रॅम?" तो म्हणाला. "कसं घटवलं विचार त्याला. आमच्याकडे रोज त्यावरून बोलणी खातोय मी."

"थट्टा नको, फुल्वियो."

"अगं, लाकूड वाळतं."

"या धुक्यात? उलट जड व्हायला हवं."

"मग किडा लागलाय. आतून पोखरतोय."

"किडा पीठ पाडतो. हे बघ काय पडलंय."

फुल्वियोनं ढलपी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली. माणूस कितीही टवाळ असला तरी चाळीस वर्षं त्यानं व्हायोलिनंच केली होती.

"खरवडायच्या पातीची आहे," तो म्हणाला. "नुकती धार लावलेल्या पातीची. हात चांगला आहे कुणाचा तरी."

"बंद वाद्याच्या आतून कशी निघेल?"

"ते मला काय विचारतेस? तूच कधीतरी आत सोडली असशील आणि विसरली असशील. वय झालं आता आपलं, बाई."

ओर्नेल्लाला हे पटलं नाही, पण पटवून घ्यायला तिची हरकत नव्हती. माणूस विसरतो. तराजू अकरा वर्षांत बदलला होता, वही तिनं घाईघाईत लिहिली होती, आठाच्या जागी दुसरं काही असू शकलं असतं. दुपारभर ती अशी कारणं गोळा करत राहिली, आणि संध्याकाळी घरी जाताना व्हायोलिन कपाटात ठेवून तिनं किल्ली फिरवली. एरवी ती कपाटाला किल्ली लावत नसे.

३

बुधवारी तिनं आवाज ऐकला.

ती एका चेलोची मान घासत होती. खर्र, खर्र, थांबायचं, बोटानं चाचपायचं, पुन्हा खर्र. रेडिओ बंद होता. काही वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण थांबल्यावरही एक खर्र ऐकू येतेय. फार बारीक. एकच. जणू दुसरं कुणी तिच्याच लयीत काम करत होतं आणि थांबायला अर्धा क्षण उशीर करत होतं.

ती उठून अंगणापलीकडे गेली. फुल्वियो डब्यातल्या सारण भरलेल्या मारुबिनी रश्श्यासकट गरम करून खात होता.

"आत्ता काही घासत होतास का?"

"दात घासणार आहे जेवल्यावर. खातेस?"

ती परत आली आणि पुन्हा कामाला बसली. खर्र. थांबली. खर्र.

भिंती जुन्या आहेत, आवाज फिरतो, तिनं स्वतःला सांगितलं. पन्नाशीत कानात आवाज येतात असंही तिनं वाचलं होतं. मग तिनं एक गोष्ट केली. पाती घेऊन हवेतच दोनदा फिरवली, कशालाही न लावता, आणि कान दिला. कपाटातून, लाकडावरून पाती ओढल्याचा स्पष्ट आवाज दोनदा आला. आणि त्यानंतर फळीला बोटाच्या पेरानं मारल्याचा. टक. टक. थोडा वेळ शांतता. टक.

व्हायोलिन करणारे सगळेच फळी अशी वाजवून बघतात. दोन बोटांत कडेला धरायची, पेरानं मारायचं आणि ऐकायचं. लाकूड किती उरलंय हे डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. पण दोनदा मारून, थांबून, मग तिसऱ्यांदा मारायची सवय तिनं एकाच माणसात पाहिली होती. वीस वर्षं तिच्या पाठीमागे, चार हातांवर.

तिनं रेडिओ लावला आणि आवाज वाढवला.

४

फळीची जाडी वाद्य न उघडता मोजता येते. आत एक छोटा लोहचुंबक सोडायचा आणि बाहेरून मापक धरायचं. गुरुवारी सकाळी ओर्नेल्लानं मोजलं. वहीत मधोमध तीन पूर्णांक दोन मिलिमीटर लिहिलं होतं. आता दोन पूर्णांक सात भरले. शुक्रवारी आणखी किंचित कमी. दोन मिलिमीटरच्या खाली गेलं, की तारांच्या ओढीनं फळी कधी ना कधी खचणार, हे सांगायला मास्तर लागत नाही.

शनिवारी तिनं मोजलं नाही. ती बसून राहिली आणि अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवत राहिली. आठवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते बऱ्यापैकी साधलंही होतं.

त्या वर्षी मास्तर पाच महिने ही एकच फळी हातात घेऊन बसले होते. रोज थोडं खरवडायचे, वाजवायचे, ऐकायचे आणि खाली ठेवायचे. "अजून आहे," म्हणायचे. एवढंच. वीस वर्षांत "पुरे" हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रत्येक वाद्य शेवटी कुणाला तरी त्यांच्या हातातून जवळजवळ काढून घ्यावं लागे, आणि ते काम ओर्नेल्लाच्या वाट्याला आलेलं होतं. ऑक्टोबरात ते आजारी पडले. लुदोविका तेव्हा सव्वीस वर्षांची होती, उसनं व्हायोलिन घेऊन परीक्षांना जात होती. पार्माच्या निवडचाचणीला नऊ दिवस उरले होते. ती याच दारात येऊन रडली होती.

ओर्नेल्लानं इस्पितळात जाऊन विचारलं नाही. तिनं सरस गरम केला आणि फळी बसवून वाद्य बंद केलं. लुदोविकाला नोकरी मिळाली. मास्तर नोव्हेंबरात गेले. त्यांना कळलं होतं की नाही, हे विचारायला ती त्यांच्या बायकोकडे कधी गेली नाही. आता, अकरा वर्षांनी, ती गेली.

५

योलांदाबाई त्याच घरात राहत होत्या, कार्यशाळेपासून तीन गल्ल्या पलीकडे. त्र्याऐंशी वर्षांच्या. दार उघडून त्यांनी ओर्नेल्लाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"वाट चुकलीस वाटतं," त्या म्हणाल्या. "ये. जेवलीस? नसशीलच. तुम्ही लोक लाकूडच खाता."

त्यांनी उकडलेलं मांस आणि मोहरीच्या पाकातली फळं पुढ्यात ठेवली आणि स्वतः हात पुसत समोर बसल्या. ओर्नेल्लानं थोडं खाल्लं. मग विचारलं.

"सिन्योरा, शेवटी शेवटी मास्तर त्या व्हायोलिनबद्दल काही बोलले होते का?"

"काही? दुसरं काहीच बोलत नव्हता. मुलांची नावं विसरला, माझं विसरला. पण ते एक धरून बसलेला. 'पोरीनं ते बंद केलं का? योलांदा, तिनं बंद केलं का?' दिवसातून वीसदा. डॉक्टर आला तर डॉक्टरला विचारायचा."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मला फुल्वियोनं सांगितलं होतं की तू बंद करून देऊनही टाकलंस." योलांदाबाईंनी टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा केले. "मी रागावले नव्हते तुझ्यावर, पोरी. तो असता तर ते अजून उघडंच असतं. पण मरणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मी म्हटलं, नाही रे, उघडंच आहे. बाकावर पडलंय. तुझीच वाट बघतंय."

"आणि ते काय म्हणाले?"

"शांत झाला एकदम. म्हणाला, 'मग ठीक आहे. मी जातो कामाला.'" त्या कण ताटलीत झटकत म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. घे ना आणखी, संत्र्याची फोड घे. इतकी का गं पांढरी पडलीस?"

६

सोमवारी तिनं लुदोविकाला फोन केला.

"उघडावं लागेल," ती म्हणाली. "फळी पातळ होतेय."

"पातळ होतेय म्हणजे? आपोआप?"

"आतून."

फोनवर तिच्या मागे कुणीतरी गजाला राळ लावत गुणगुणत होतं.

"ओर्नेल्ला, खरं सांगू?" लुदोविका हळू आवाजात म्हणाली. "मीही ऐकलंय ते. पेटी पलंगाखाली असते माझी. सकाळी पेटीत ढलप्याही सापडतात, मी झटकून टाकते. पहिल्यांदा घाबरले होते. पण सकाळी काढून वाजवलं की... तुम्ही वाजवत नाही, तुम्हाला नाही कळायचं. मला ते काय आहे ते जाणून घ्यायचं नाही. खरखर तेवढी काढा. बाकी थांबवू नका."

"थांबवलं नाही तर मोडेल."

"कधी?"

"दोन महिन्यांत. तीन."

"मार्चमध्ये मी एकटी वाजवणार आहे," लुदोविका म्हणाली. आणि मग, जरा ओशाळून, "उघडायचंच असेल तर उघडा. पण मला परत असंच हवंय."

ओर्नेल्लानं मंगळवारी सकाळी, भरपूर उजेडात, ते उघडलं. बोथट पातळ सुरी सांध्यात सरकवायची, थोडं स्पिरिट सोडायचं, आणि करकर ऐकत बोटबोट पुढे जायचं. एवढं सोपं काम तिनं शेकडो वेळा केलेलं होतं. फळी सुटून हातात आली तेव्हा आतून ढलप्या बाकावर ओघळल्या. दोन मुठी भरतील इतक्या.

आत कुणीही नव्हतं. तिला स्वतःचंच जरा हसू आलं; आत कोण असणार होतं?

मग तिनं फळीची आतली बाजू दिव्याखाली धरली. अकरा वर्षांपूर्वी तिथं जे काम होतं त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं. पूर्ण फळीभर पातीचे नवे फटकारे होते, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, आणि सगळे डावीकडून तिरपे येणारे. उजव्या हाताच्या माणसाला तसे मारताच येत नाहीत. आणि काम सुंदर होतं. आपल्याला हे जमलं नसतं, हे तिला पहिल्या नजरेत कळलं, आणि त्या जाणिवेनं तिला ढलप्यांपेक्षा जास्त भीती वाटली. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पट्टा अजून जुन्या जाडीचा होता.

साडेबारा वाजले. दुपारी ती तीनपर्यंत कार्यशाळा बंद ठेवून घरी जेवायला जाई. त्या दिवशी तिनं फळी पालथी करून बाकावर ठेवली, कप्प्यातून मास्तरांची पाती काढून फळीच्या डाव्या अंगाला ठेवली आणि दाराला कुलूप लावलं. हे का केलं असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं काही सांगितलं नसतं.

तीन वाजता पाती जागची हललेली नव्हती. पट्टा मात्र दोन बोटं कमी झाला होता.

बुधवारी तसंच. गुरुवारी ती आली तेव्हा पाती बाकावर नव्हती. कप्प्यात होती, तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळलेली. काम संपलं की मास्तर ती अशीच ठेवत. ओर्नेल्लानं फळी दोन बोटांत धरली आणि पेरानं मारली. आवाज आला तो तिनं यापूर्वी कुठल्याच लाकडातून ऐकला नव्हता. गोल, लांब, आणि संपताना पुन्हा किंचित वर उचलल्यासारखा. ती ऐकत उभी राहिली. खोलीत पूर्ण शांतता होती. कुणी "अजून आहे" म्हणालं नाही.

७

शुक्रवारी सकाळी तिनं ते बंद केलं.

सरस लावल्यावर हातात फार तर पाच मिनिटं असतात, मग तो थिजू लागतो. तिनं कडेनं सरस फिरवला, फळी बसवली आणि शिकंजे लावायला सुरुवात केली. बत्तीस लाकडी शिकंजे. खालून, वरून, कमरेला, मग मधले. खोली गरम ठेवली होती. अठ्ठावीस लावून झाले होते, तेव्हा आतून टक असा आवाज आला.

तिचा हात एकोणतिसाव्यावर होता.

सरस ओढून घेतो, लाकूड कुरकुरतं, हे तिला माहीत होतं. पण लाकूड असं कुरकुरत नाही. टक. टक. मग थांबून, टक. हे फळी वाजवून बघणं नव्हतं. ते वेगळं असतं, त्यात ऐकण्यासाठी जागा सोडलेली असते. हे दारावर मारतात तसं होतं. आत राहून गेलेला माणूस, बाहेर कुणीतरी आहे हे माहीत असलेला, न चिडता, न ओरडता मारतो तसं.

अजून एक मिनिट होतं. शिकंजे सोडले असते तर फळी सहज उचलली गेली असती.

ओर्नेल्लानं खोलीकडे पाहिलं. खिडकीशी आणलेला आपला बाक. रेडिओ. तारेवरची आपली सहा वाद्यं, जी आपण ठरवलं त्या दिवशी पुरी झाली होती. भिंतीपाशी मास्तरांचा बाक होता, त्यावर आता ती कुंड्या ठेवत असे. त्यांना बाहेर काढायचं तर इथंच काढायचं होतं, दुसरी खोली नव्हती. आणि मग रोज सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, मास्तर पाठीमागे चार हातांवर.

टक, टक. टक.

तिनं एकोणतिसावा शिकंजा आवळला. मग तिसावा. शेवटचे दोन आवळताना तिनं डोळे मिटून घेतले होते. नंतर तिनं हात धुतले, आणि फुल्वियो बोलवायला यायच्या आधीच त्याच्याकडे गेली.

"आज तू?" तो म्हणाला. "चल, या आनंदात खरोखर कॉफी पिऊ."

आणि त्या दिवशी ते खरोखर कॉफी प्यायले. ओर्नेल्ला भरपूर बोलली. फुल्वियोनं बायकोला रात्री सांगितलं, की तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

८

पुढच्या गुरुवारी लुदोविका चारला येणार होती. तारा चढवायच्या आधी ओर्नेल्लाला एक शेवटचं काम करायचं होतं.

बंद व्हायोलिनच्या आत, घोडीच्या पायाखाली, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये एक काडी उभी करावी लागते. पेन्सिलीहून बारीक, नुसती दाबावर उभी, सरस न लावता. एफच्या फटीतून, वाकड्या सळईनं ती आत नेऊन बसवतात. ती नसेल तर आवाज पोकळ होतो आणि तारांखाली फळी दबते. इटलीत सगळे तिला आत्मा म्हणतात, इतक्या सहज की त्यात काही वेगळं म्हटलंय असं कुणाला वाटतही नाही.

तिनं नवीन काडी कापली, दोन्ही टोकं उतरती केली, आणि जागा बघायला व्हायोलिनच्या बुडाशी असलेली खुंटी काढून त्या भोकाला डोळा लावला. भोकातून बघितलं की व्हायोलिनचा आतला भाग एखाद्या लांब, बुटक्या दालनासारखा दिसतो. वर छतात दोन्ही बाजूंना लांब वळणदार खिडक्या, त्यातून तिरपा येणारा उजेड, आणि लांबवर अंधारात जाणारी जमीन. जमीन स्वच्छ होती. एकही ढलपी नव्हती.

उजव्या खिडकीच्या जरा मागे काडी उभी होती.

ओर्नेल्लानं डोळा काढला आणि हाताकडे पाहिलं. काडी तिच्या हातात होती. जुनी, वाद्य उघडताना पडलेली, कप्प्यात होती. तिनं कप्पा उघडून खात्री केली. मग पुन्हा डोळा लावला.

उंची तेवढीच. जाडी तेवढीच. डोकं वरच्या फळीला टेकलेलं. पण काडी सरळ असते. हे वरच्या बाजूला पुढे झुकलेलं होतं, आयुष्यभर बाकावर ओणवून खांदे गोल झालेल्या माणसासारखं. लाकडाचा दोष असेल, तिनं स्वतःला सांगितलं. उजेड तिरपा आहे. काचेवर श्वासाची वाफ धरावी तसं आपल्या डोळ्यात पाणी येतंय. ती पाहत राहिली, आणि ते, फळीला टेकलेलं डोकं न काढता, तिच्याकडे वळू लागलं.

तिनं खुंटी भोकात घातली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली.

नवी काडी न बसवताच तारा चढवल्या, तेव्हा फळी केसभरही दबली नाही.

चारला लुदोविका आली. पाऊण तास वाजवत राहिली. ओर्नेल्ला खिडकीशी बसून ऐकत होती. त्या आवाजाबद्दल तिनं नंतर कुणाला काही सांगितलं नाही, फुल्वियोलाही नाही. एवढंच म्हणाली, की ऐकताना लाज वाटत होती. शेवटी लुदोविकानं गज खाली घेतला. तिचे डोळे ओले होते.

"काय केलंत तुम्ही?"

"बंद केलं."

"पुन्हा उघडावं लागेल का कधी?"

"नाही," ओर्नेल्ला म्हणाली. "कुणालाही उघडू देऊ नका. कुणी कितीही सांगितलं तरी."

लुदोविकानं मान हलवली, व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर रेशमी फडकं घातलं आणि ओव्हरकोट चढवू लागली. एक हात बाहीत असतानाच ती थबकली. खोलीत तीनदा टक असा आवाज झाला होता. दोन, आणि थांबून एक.

"कुणीतरी आलंय," ती म्हणाली, आणि कार्यशाळा ओर्नेल्लाची असूनही ती बसलेलीच राहिली हे पाहून स्वतःच दाराशी गेली. तिनं दार पूर्ण उघडलं. अंगणात ऊन पडलं होतं. फुल्वियोच्या सायकलीवर चिमण्या बसल्या होत्या. ती एक पाऊल बाहेर टाकून दोन्हीकडे बघू लागली.

तेवढ्या वेळात ओर्नेल्लानं उठून पेटीचं झाकण लावलं आणि दोन्ही कड्या बसवल्या.